ओटीपी तुझ्या नंबरवर आला आहे

केज, १७ जुलै

मोहिनी,

हे पत्र माझ्यासाठी नाही, अंजूसाठी आहे. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

तू मला ब्लॉक केलंस त्याबद्दल मी काही म्हणत नाही. नवीन सिमवरून लावून बघितलं, रिंग जाते, तू उचलत नाहीस. म्हणून कागदावर आलो. संगीता शनिवारी तुमच्या कड्याला घरी जाणार आहे, तिच्या हातात देतोय. ती घेतच नव्हती. "तुमच्या पायी माझं कॉलेज बंद करतील रे," म्हणाली. ह्यात प्रेमाबिमाचं एक अक्षर नाही म्हणून सांगितलं, तेव्हा कुठं पर्समध्ये टाकलं.

अंजूचा नीटचा निकाल चांगला आला. सरकारी कॉलेज मिळेल इतका चांगला. तू दर रविवारी तिच्या लातूरच्या वॉर्डनच्या फोनवर तिच्याकडून बायोलॉजी म्हणवून घ्यायचीस, त्यात तुझा वाटा आहे. चकलांब्याच्या स्टँडवर तिचा बॅनर लागलाय. त्यावर आमच्या बापाचा फोटो आहे, घोंगडी खांद्यावर घेतलेला. माझा नाही. मीच नको म्हणालो.

आता अडलंय काय ते सांगतो. फेब्रुवारीत तिचा नीटचा अर्ज आपण दोघांनी भरला, बीडला कॉलेजच्या लायब्ररीत, तुझ्या फोनवर. मोबाइल नंबर कुणाचा टाकायचा म्हणून अडलो होतो, आठवतं? अंजूच्या होस्टेलात फोन ठेवू देत नव्हते. बापाचा फोन मेंढरांमागं माळावर, तिथं रेंज नाही. माझा मी आदल्याच आठवड्यात भिंतीवर आपटला होता. तू म्हणालीस, "माझा टाक, माझा कुठं जातोय?" तोच टाकला. ईमेलसुद्धा तुझ्याच फोनवर काढला.

राज्याच्या प्रवेशाची नोंदणी सुरू झालीय. अंजूची माहिती भरली की पडद्यावर येतं, 'ओटीपी तुमच्या नंबरवर आला आहे'. तुमच्या म्हणजे अंजूच्या. अंजूच्या म्हणजे तुझ्या. तो आकडा टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. नंबर बदलायचा तरी जुन्या नंबरवरचाच ओटीपी लागतो. हेल्पलाइनवर बाई होती. मी म्हणालो, "मॅडम, जुना नंबर जवळ नाही म्हणून तर बदलायचाय." ती म्हणाली, "हो सर, त्यासाठी जुन्या नंबरवर ओटीपी जाईल." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मी फोन ठेवला. आपटला नाही, ठेवला.

तुला हसू येईल असं एक सांगतो. मी सध्या केजला तहसीलसमोर रामेश्वरभाऊच्या ऑनलाइन सेंटरवर बसतो. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचे अर्ज भरतो आणि प्रत्येकाला बजावतो, नंबर घरचाच द्या, कुणा दुसऱ्याचा देऊ नका.

सोमवारी सकाळी अकराला अंजू माझ्या शेजारी बसून बटण दाबेल. तुला सहा आकडे येतील. दहा मिनिटं चालतात. ते सेंटरच्या नंबरवर पाठव, नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. माझ्याशी बोलायची गरज नाही. नोंदणी सव्वीसला बंद होते.

तू बरी असशील. विचारत नाही, नुसतं लिहितोय.

म्हाळू


केज, २१ जुलै

मोहिनी,

ह्याचा फोटो काढून संगीताला पाठवतोय, ती तुला दाखवेल. कागद पोचायची वाट बघायची ताकद माझ्यात नाही.

अकरा वाजता अंजूनं बटण दाबलं. आम्ही दोघं सेंटरच्या फोनकडं बघत बसलो, चुलीवरच्या दुधाकडं बघावं तसं. दहा मिनिटं गेली. परत दाबलं. परत. मग पडद्यावर लाल अक्षरात आलं, आज पुन्हा प्रयत्न करता येणार नाही.

काय बिघडलं असतं गं? सहा आकडे. माझं नाव नव्हतं घ्यायचं, आवाज नव्हता ऐकवायचा. एवढा राग आहे का, की पोरीचं डॉक्टर होणं त्यात बुडवशील? जिला तू स्वतः पेशीचे भाग शिकवलेस? तुला स्वतःला मेडिकल मिळालं नाही, थोडक्यात हुकलं, आणि अंजूला मिळायला आलं, तर... जाऊ दे. हे खोडणार होतो. खोडलं तर फोटोत तसंच दिसेल.

एप्रिलमध्ये गेटवर तुझा भाऊ माझ्यावर आला होता, मी त्याच्यावर गेलो नव्हतो. सगळ्या कॉलेजसमोर म्हणाला, "मेंढरं राख जा बे, आमच्या घराकडं बघू नको." मेंढरांचं मी ऐकून घेतलं असतं. त्यानं बापाचं नाव घेतलं, धुळाजीचं, आणि थुंकला. मग मी मारली. एकच. आणि त्यानंतर मीच कॉलेज सोडलं, मला कुणी काढलं नाही. शिक्षा मी भोगतोय, मग अंजूला कावून?

दुपारी बापाचा फोन आला. पेरण्या झाल्यात, शेतं बंद, म्हणून मेंढरं घेऊन डोंगराच्या माळावर आहे. रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढून आला होता, धाप ऐकू येत होती.

"झालं का रं अंजूचं?"

"होतंय, आबा."

"होतंय म्हंजी? डाक्टर झाली का न्हाई?"

"आधी नाव लागतं आबा, मग कॉलेज, मग..."

"मायला, मेंढरू इयाला पाच म्हैने लागत्यात. ह्येचं काय येवढं?"

मी हसलो. अंजू हसली नाही. तिनं फोन घेतला आणि म्हणाली, "आबा, भाऊनं अर्जात कुनाचा नंबर टाकलाय इचारा." बापाला ऐकूच गेलं नाही, रेंज गेली होती.

उद्या परत अकराला दाबतो. तुला जे करायचं ते कर.

म्हाळू

संगीता, हे वाचू नकोस. वाचलंस तर मधलं ते थोडक्यात हुकल्याचं तिला दाखवू नकोस.


केज, २२ जुलै

मोहिनी,

तुझ्या चिठ्ठीचा फोटो संगीतानं पाठवला. दुकानाच्या बिलाच्या पाठीवर लिहिलेलं तुझं अक्षर आजही एका रेषेत आहे.

तू लिहिलंस: "फोन माझ्याकडे नाही. त्या दिवसापासून सिम आईच्या फोनमध्ये आहे. दादाने तिला बजावलंय की ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बँकेतले पैसे जातात. म्हणून आला की ती लगेच पुसते आणि मला अभिमानाने सांगते, आज पण एक चोर पळवला. कालचे सगळे तिने पुसले. दादाला विचारल्याशिवाय ती देणार नाही. अंजूला पाठव. तू येऊ नकोस. पत्रं बंद कर."

म्हणजे मी लावायचो तेव्हा रिंग तुझ्या आईच्या कमरेला वाजायची. आणि काल मी तुला काय काय लिहिलं. ते तू वाचलंस. वाचूनही चिठ्ठीत एक शब्द उलट लिहिला नाहीस. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

चिठ्ठी अंजूला दाखवली. तिला गेटवरचं माहीत होतं, सगळ्या बीडला माहीत आहे. तुझा नंबर अर्जात कसा आला आणि आता ओटीपी का मिळत नाही, हे तिला एकत्र लावून पहिल्यांदाच दिसलं असावं. ती बराच वेळ खुर्ची फिरवत बसली, मग म्हणाली, "भाऊ, तू मारलंस तवा तुला मी आठवले का?"

"तवा काय आठवतं गं?"

"मला पेपरात आठवला होतास तू. एका प्रश्नाला. ॲड्रिनॅलिनचा होता."

ही अशी बोलते. आवाज चढवत नाही, त्यामुळं भांडता येत नाही.

कॉलेजांची पसंती कागदावर लिहून ठेव म्हणून मी तिला सांगितलं होतं. माझ्या मनात पहिलं अंबाजोगाई. घराजवळ, मला केजवरून कधीही जाता येईल, डबा नेता येईल. तिनं पहिलं नागपूर लिहिलं. दुसरं मुंबई. अंबाजोगाई खाली कुठंतरी. मी विचारलं, एवढ्या लांब कशाला? म्हणाली, "तिथं मला कुनी म्हाळूची बहीण म्हननार न्हाई."

सेंटरवर गिऱ्हाईक होतं, त्यामुळं मला काही आपटता आलं नाही.

तिला एकटीला पाठव म्हणतेस. कसं पाठवू? ती अठराची आहे आणि तुझा भाऊ दुकानावर दहा पोरं घेऊन बसतो. मी येणार. पण मी बोलणार नाही. अंजूनं तशी शपथ घातलीय, माझा हात तिच्या डोक्यावर ठेवून. बोललो तर ती मरेल असं आमची आई म्हणते. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी हात ठेवला.

पत्रं बंद कर म्हणालीस. हे शेवटचं समज.

म्हाळू


बीड स्टँड, २५ जुलै

मोहिनी,

मागचं शेवटचं होतं, तरी हे लिहितोय. तू आत होतीस, बाहेर काय झालं ते तुला तुझ्या घरचे त्यांच्या बाजूनं सांगतील. माझ्या बाजूनं कुणी सांगणार नाही. गाडीला वेळ आहे. अंजू बाकावर बसून केळी खातेय. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं.

कड्याला उतरलो तेव्हा साखर कारखान्याकडून मळीचा वास येत होता. तू म्हणायचीस, सवय होते. नाही झाली. तुमच्या बियाण्याच्या दुकानासमोर येऊन थांबलो. तुझा भाऊ अमरसिंह काट्यामागं बसला होता, बाकी पोरं पोत्यांवर. मला बघून एक पोरगं उठलं. अमरसिंहनं हातानं खाली बसवलं.

अंजू पुढं झाली. "दादा, मी अंजू. चकलांब्याची."

तो म्हणाला, "काय?"

तिनं परत सांगितलं.

"ह्या बाजूनं बोल," तो म्हणाला आणि मान वळवून उजवा कान पुढं केला. "त्या कानानं ऐकू येत न्हाई मला."

मोहिनी, मी डाव्या बाजूला मारली होती. माझा हात उजवा, त्याचा गाल डावा. एवढा हिशोब मला उभ्या उभ्या करता आला. आजवर कुणी सांगितलं नाही. तूसुद्धा नाही. पोलिसात गेले नाहीत, का गेले नाहीत ते कळलं. तुझं नाव आलं असतं.

मला बोलायचं नव्हतं. शपथ नसती तरी बोलता आलं नसतं.

अंजूनं सगळं सांगितलं, उजव्या कानाशी, सावकाश. नीट, नंबर, ओटीपी, उद्या शेवटचा दिवस. नंबर कसा काय तुझा पडला हेही सांगितलं, तुला कुठंही वाकडं न आणता. मोहिनीताईनं मला शिकवलं, लातूरला, फोनवर, म्हणून. खोटं एक नव्हतं त्यात. फक्त मी त्यात नव्हतो.

त्यानं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "कावून बे? आज तोंड शिवून आला का?"

पोरं हसली. मी जमिनीवरच्या सोयाबीनच्या दाण्यांकडं बघत राहिलो.

"बोल की. त्या दिशी लई बोलत होता. हात पन बोलत होता."

अंजू म्हणाली, "दादा, त्याला मीच न्हाई बोलू दिलं. तुमी कान दाखवला का कुनाला?"

"नगरला दाखवला. पडदा फाटलाय म्हनले. आपोआप भरंल म्हनले, भरला न्हाई."

"किती म्हैने झाले?"

"तूच मोज. तुझ्या भावाला तारीख पाठ असंल."

"मग आता शिवता येतं. ऑपरेशन असतं त्याचं. स्नायूवरचा पातळ पापुद्रा घेऊन लावत्यात. घाबरायचं काम न्हाई."

तो तिच्याकडं बघायला लागला. पोरंही. ही एवढीशी, वेणीला काळी रिबन, मोठ्या मोठ्या बाता करत उभी.

"तू करशील का?" तो म्हणाला.

"मला आधी ओटीपी लागंल."

मला वाटलं आता हा भडकणार. तो हसला. तोंडाच्या एकाच बाजूनं, पण हसला. मग दुकानाच्या मागच्या दाराकडं तोंड करून ओरडला, "आयेऽ, फोन घेऊन ये." तुझी आई आली. वनमालाकाकूंना मी पहिल्यांदा बघितलं. तुझं कपाळ त्यांचं आहे. त्या मला ओळखत नव्हत्या, मला म्हणाल्या, "बस की बाबा, उभा का?" मी उभाच राहिलो.

अंजूनं माझ्या फोनवर बटण दाबलं. काकूंच्या हातातला फोन वाजला. त्यांनी सवयीनं अंगठा पुढं केला पुसायला, आणि अमरसिंह ओरडला, "आगं पुसू नको! ह्यो आपलाच चोर हाय."

"मग वाच की," काकू त्याला म्हणाल्या.

"मी न्हाई वाचनार. ह्याच्यासाठी माझं तोंड न्हाई उघडनार."

काकू म्हणाल्या, "मला कुठं विंग्रजी आकडं येत्यात?" आणि तशाच मागं दारात गेल्या. पडद्याआड हात घातला आणि म्हणाल्या, "मोहिनी, हे वाच गं जरा मोठ्यांदी, लेकरू लांबून आलंय."

अमरसिंहनं मान वर केली. थांबवायला तोंड उघडलं होतं त्यानं, मी बघितलं. पण तुझा आवाज आधी आला.

चार. शून्य. नऊ. नऊ. दोन. सात.

मराठीतून म्हणालीस. अंजूला लिहून घेता यावं म्हणून प्रत्येक आकड्यानंतर थांबलीस. दोन नऊंच्या मध्ये जास्त. मग विचारलंस, "झालं का?" अंजू म्हणाली, "झालं, ताई." एवढंच. एप्रिलपासून ऐकलेला तुझा आवाज एवढाच.

पान उघडलं. अमरसिंह म्हणाला, "आता हितं, माझ्यासमोर नंबर बदल. आमच्या नंबराचा आन तुमचा संबंध आज तुटला. परत हितं घंटी वाजली न्हाई पायजे." ते मला म्हणाला. अंजूनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "भाऊ, तू टाक. तुझा टाक." मी म्हणालो... नाही, मी काही म्हणालो नाही, नुसतं बघितलं. तिला कळलं. म्हणाली, "तुझाच. पन ह्यो फोन आता आपटायचा न्हाई."

जुना नंबर दिसत होता, त्यापुढं 'बदला'. जगात मला हाच एक नंबर न बघता येतो. माझा स्वतःचा मला बघूनच टाकावा लागतो. मी दाबलं. माझा टाकला. अंजूनं शेजारून आकडे तपासले.

निघताना मी अमरसिंहसमोर थांबलो. शपथ होती. मी वाकलो आणि त्याच्या पायाला हात लावला. मला वाटलं तो पाय मागं घेईल. त्यानं घेतला. "निघ," म्हणाला. त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

गाडी लागली. अंजू हाक मारतेय.

म्हाळू


चकलांब्याचा माळ, सप्टेंबर

मोहिनी,

हे संगीताकडं देणार नाही, फोटोही काढणार नाही. दोन्ही बाजूंनी लिहून झालं की घडी करून खिशात ठेवीन. तुमच्या नंबराचा आणि माझा संबंध तुटला, कागदाचाही तुटायला हवा.

अंजूला नागपूर मिळालं. बाप सोडायला यायचं म्हणत होता. मेंढरं कुणाकडं ठेवायची ह्यावर चार दिवस गेले, शेवटी मेंढरांपाशी मी राहिलो आणि तो गेला. पहिल्यांदा रेल्वेत बसला. परत आला तेव्हा म्हणाला, तिथं भिंतीला टेकून माणसाचा पुरा सापळा उभा केलाय, आणि अंजूनं त्याला हात लावून आपल्याला हाडांची नावं सांगितली. एवढं सांगून तो झोपला तो दुसऱ्या दिवशी उठला. त्याचे गुडघे गेलेत. तेव्हापासून मेंढरं माझ्याकडंच आहेत. रामेश्वरभाऊनं केजच्या खुर्चीवर दुसरं पोरगं बसवलं. मला म्हणाला, "परत ये कधीपन." कधीपन म्हणजे काय ते त्यालाही माहीत आहे.

तुझ्या भावानं सांगितलं होतं ना, मेंढरं राख जा. राखतोय. पहिले काही दिवस हे मनात आलं की मी काठी दगडावर मारायचो. काठी मोडली. मग नवीन तोडताना कंटाळा आला.

इथं रेंज नाही. फक्त टेकडीच्या टोकावर, वाकड्या लिंबाखाली दोन काड्या येतात. दिवसभर मी त्या लिंबाच्या आवाक्यात मेंढरं फिरवतो. चारा पलीकडच्या ओढ्याला चांगला आहे, म्हातारा ओरडतो, तिकडं कावून नेत न्हाईस? नेता येत नाही. अंजूचा सगळा अर्ज माझ्या नंबरवर आहे. फीचं, होस्टेलचं, स्कॉलरशिपचं, मेसचं, जे काही असेल त्याचा ओटीपी मला येतो. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बंडीच्या आतल्या खिशात. झोपताना उशाखाली. मी हा फोन आपटत नाही. रागानं हातात घेतो आणि परत पिशवीत घालतो. बांधलेल्या मेंढ्याला दोरी किती लांब ते कळलं की तो ओढायचं सोडतो, तसं झालंय माझं. सोडलंय की नाही ते मात्र रोज नवीन ठरतं.

संगीता सांगत होती तुला बघायला कुणी येऊन गेलं. पुढचं तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. टेकडीवरून खाली आलो आणि एक मेंढी कुठं अडकलीय ते शोधत बसलो. अडकलेली कुठलीच नव्हती.

आज दुपारी टेकडीच्या उतारावर बसलो होतो, एक काडी आली आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. तू असशील असं एक सेकंद वाटलं. मी चपला न घालता टोकाला चढलो.

"भाऊ, मी अंजू. मैत्रिणीच्या फोनवरनं बोलतेय. ओटीपी आलाय बघ, लवकर सांग, लाइनीत उभी हाय."

"थांब, हाताची सावली धरू दे, ऊन आहे."

"लवकर रे!"

मी आकडे सांगितले. मराठीतून, एकेक, मध्ये थांबून. दोन सारखे आकडे जवळ आले तिथं जास्त थांबलो.

"असं कावून सांगतोस? सरळ सांग की."

"तुला लिहून घेता यावं म्हणून."

"झालं," ती म्हणाली आणि ठेवला.

दहा मिनिटांनी तो आकडा मेला असेल. मला आता आठवतही नाही. चार, शून्य, नऊ, नऊ, दोन, सात तेवढा आठवतो. मेंढरं खाली ओढ्याकडं सरकलीत, हाकलून वर आणली पाहिजेत.

म्हाळू